कानात उजेड पाडणारी माणसं

(आमच्या पॉडकास्टच्या एका भागाची ही लिखित प्रत. बोलताना अडखळले ते शब्द काढलेत, बाकी बोलणं जसं होतं तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? मग आधी एक छोटा प्रयोग. उजव्या कानातला इयरफोन काढा आणि फक्त डाव्या कानाने ऐका. आता उलट करा. दोन्हीकडे माझा आवाज सारखाच येतोय ना? ते मी मुद्दाम करते. कितीतरी गाण्यांमध्ये गिटार एका कानात आणि ड्रम दुसऱ्या कानात वाजतो, आणि लोकांना ते भारी वाटतं. मला अर्धं गाणंच ऐकू येत नाही. माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ कायम चालू असतो, कारण माझा डावा कान नीट काम करत नाही.

आजचा भाग त्या कानामुळे सुचला. शरीराच्या आत डोकावून बघायची जी उपकरणं आहेत, त्यांचा इतिहास आज सांगणार आहे. मेणबत्तीपासून सुरुवात करू आणि तुमच्या हातातल्या फोनपर्यंत येऊ.

टॉर्च मारून बघितलं, काही नाही

मी सातवीत होते. विहिरीत पोहायला शिकण्याचा उन्हाळा होता तो. पावसाळा सुरू झाला आणि डावा कान ठणकायला लागला. एका रात्री ठणका एकदम थांबला आणि सकाळी उशीवर पिवळसर डाग. आजी म्हणाली, "कान फुटलाय पोरीचा." तिने लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडलं. जिच्या आईने हेच केलं, तिच्या आईनेही हेच केलं, ती दुसरं काय करणार?

कान वाहायचा थांबेना तेव्हा बाबांनी तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खिशातला छोटा टॉर्च काढला, कानावर धरला, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "काही नाही, मळ आहे. थेंब घाला." थेंब घातले. कान थांबला. पुढच्या पावसाळ्यात परत वाहिला. असं चार-पाच वर्षं चाललं. दर वेळी कोणीतरी टॉर्च मारायचं आणि दर वेळी "काही नाही" असंच उत्तर यायचं. शाळेत मी डावीकडच्या भिंतीला चिकटून बसायचे, म्हणजे सगळ्या मैत्रिणी उजव्या कानाकडे राहायच्या. ऐकू न आल्यामुळे उत्तर दिलं नाही की बाई म्हणायच्या, "लक्ष कुठंय?"

बरीच वर्षं माझा त्या डॉक्टरांवर राग होता. हा भाग लिहायला घेतला तेव्हा तो थोडा कमी झाला. का, ते शेवटी सांगते.

आत बघणं इतकं अवघड का?

घरातली स्टीलची पाण्याची बाटली घ्या, अरुंद तोंडाची. मोबाईलच्या टॉर्चने तिचा तळ बघायचा प्रयत्न करा. टॉर्च बाजूला धरला तर उजेड बाटलीच्या आतल्या भिंतीवरच पडतो. टॉर्च बरोबर मध्ये आणला तर टॉर्चच आडवा येतो, डोळ्याला जागाच राहत नाही. आणि डोळा मध्ये आणला तर आपल्याच डोक्याची सावली आत पडते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

कानाचं काम तर बाटलीपेक्षा कठीण. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि सरळ नसते, तिला बाक असतो. म्हणून कान बघताना डॉक्टर कानाची पाळी वर आणि मागे ओढतात. नळीच्या टोकाला पडदा. जेमतेम एक सेंटीमीटर रुंद, करड्या मोत्याच्या रंगाचा आणि इतका पातळ की त्याच्यामागचं हाड अंधुक दिसतं.

युरोपात हे दुखणं जुनंच होतं. गी द शोलियाक नावाच्या फ्रेंच शस्त्रवैद्याने १३६३ मध्ये लिहून ठेवलंय की कानाची नळी उपकरणाने रुंद करावी आणि रोग्याला उन्हात बसवून बघावं. म्हणजे आभाळ आलं की तपासणी बंद! पुढची जवळजवळ ४५० वर्षं यात फारसं काही बदललं नाही.

मेणबत्ती आणि कुतूहलाची शिक्षा

आता फ्रँकफर्टला जाऊ. फिलिप बोझिनी, जन्म १७७३, तरुण डॉक्टर. त्याच्या डोक्यात एक साधा विचार आला की उजेड आत जायचा रस्ता आणि नजर आत जायचा रस्ता वेगवेगळा ठेवला तर?

त्याने फुलदाणीच्या आकाराचा एक पत्र्याचा डबा केला आणि त्यावर चामडं चढवलं. आत मेणबत्ती, मेणबत्तीमागे आरसा, आणि पुढे एक नळी. नळीच्या मधोमध पडदी. एका बाजूने मेणबत्तीचा उजेड आत जाणार आणि दुसऱ्या बाजूने डॉक्टर बघणार. कान, नाक, घसा, मूत्रमार्ग, प्रत्येकासाठी टोकाला वेगळी नळी. त्याने नाव ठेवलं 'लिश्टलायटर', म्हणजे प्रकाश वाहून नेणारा. वर्ष १८०६. ना वीज, ना रॉकेलचा कंदील, आणि हा माणूस शरीराच्या आत उजेड न्यायला निघाला होता.

यंत्र व्हिएन्नाला गेलं. तिथल्या लष्करी वैद्यकीय अकादमीने आधी प्रेतांवर आणि मग रुग्णांवर ते वापरून पाहिलं, आणि मत चांगलं दिलं. पण व्हिएन्नात आणखी एक मोठी संस्था होती, विद्यापीठाचं वैद्यकीय मंडळ, आणि अकादमीचं आणि त्यांचं पटत नव्हतं. मंडळाने यंत्र मोडीत काढलं. दोन संस्थांच्या भांडणात मेणबत्ती विझली म्हणा ना.

बोझिनीला दाद मागायला वेळच मिळाला नाही. १८०९ मध्ये फ्रँकफर्टमध्ये टायफसची साथ आली. तो रुग्णांवर उपचार करत राहिला, त्यालाच लागण झाली आणि तो गेला. वय ३५. त्याचं मूळ यंत्र मात्र टिकलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते फिरत फिरत अमेरिकेत शिकागोला गेलं आणि पुष्कळ वर्षांनी परत व्हिएन्नाला आलं. ज्या शहराने नाकारलं, त्याच शहरात आज ते जपून ठेवलंय.

आरशाला पडलेलं भोक

कार्टूनमधला डॉक्टर आठवतोय? कपाळावर पट्टा आणि पट्ट्याला एक चकचकीत गोल चकती. लहानपणी मला ती शोभेची वाटायची, मुकुटासारखी. पण त्या चकतीच्या मधोमध भोक असतं, आणि सगळी गंमत त्या भोकात आहे.

१८४१ मध्ये फ्रिडरिश हॉफमान नावाच्या, जर्मनीतल्या एका छोट्या गावात काम करणाऱ्या डॉक्टरने ही युक्ती मांडली. अंतर्गोल आरसा घ्यायचा, मध्ये भोक पाडायचं. आरसा खिडकीतला किंवा दिव्याचा उजेड गोळा करून कानात टाकतो आणि आपण भोकातून बघतो. म्हणजे नजर आणि उजेड एकाच रेषेत! सावली पडायचा प्रश्नच मिटला. इतकी साधी गोष्ट, पण गावच्या डॉक्टरचं कोण ऐकतो? बारा-चौदा वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १८५५ मध्ये आंतोन फोन ट्रोल्च या कानाच्या तज्ज्ञाने तीच युक्ती पुन्हा पुढे आणली, तेव्हा ती पसरली. पुढे आरसा कपाळावर गेला आणि डॉक्टरचे दोन्ही हात मोकळे झाले. आपल्याकडच्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत हा आरसा आजही दिसतो.

१८६५ मध्ये जॉन ब्रंटन या ब्रिटिश डॉक्टरने हे सगळं एका नळीत बसवलं. बाजूला उजेड गोळा करणारं नरसाळं, आत तिरपा बसवलेला भोकाचा आरसा, एका टोकाला कानात घालायची नळी आणि दुसऱ्या टोकाला भिंग. आज डॉक्टरांच्या हातात जो ऑटोस्कोप असतो, त्याचा हा पणजोबा. बदल इतकाच, की आता दिवा मुठीत आहे आणि त्याला सेल लागतात.

गाण्याचा मास्तर

आवाजावर पोट असल्यामुळे हा किस्सा माझा सगळ्यात लाडका. मानुएल गार्सिया हा स्पॅनिश माणूस डॉक्टर नव्हता, गाणं शिकवायचा. आयुष्यभर त्याला एकच प्रश्न पडलेला, की गाताना घशात नेमकं होतं काय? १८५४ मध्ये पॅरिसला पाले रोयालच्या आवारात फिरताना त्याला काचांवर चमकणारं ऊन दिसलं आणि डोक्यात दिवा पेटला. त्याने दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा विकत घेतला, वाफ धरू नये म्हणून गरम पाण्यात बुडवला, पडजिभेपाशी टेकवला आणि दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन टाकलं. आणि त्याला स्वतःच्याच स्वरतंतूंची उघडझाप दिसली!

पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचं टिपण वाचलं गेलं. घशाच्या डॉक्टरांचं एक अख्खं शास्त्र त्या आरशाच्या मागोमाग उभं राहिलं. १९०५ मध्ये गार्सियाची शंभरी साजरी झाली तेव्हा तो जिवंत होता, आणि जगभरचे डॉक्टर एका गाण्याच्या मास्तरला मानवंदना देत होते.

तलवार गिळणारा माणूस

कान, घसा हे तसे दारातले. माजघरात कसं शिरायचं? १८५३ मध्ये देसोर्मो या फ्रेंच डॉक्टरने मेणबत्तीच्या जागी अल्कोहोल आणि टर्पेंटाइनचा दिवा लावला. उजेड वाढला, आणि भाजायची भीतीही.

मग १८६८. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात अडॉल्फ कुसमाउल या डॉक्टरला पोटाच्या आत बघायचं होतं. पण सरळ, ताठ नळी गिळणार कोण? उत्तर जत्रेत मिळालं. तलवार गिळणारा! मान मागे टाकली की तोंडापासून जठरापर्यंत जवळजवळ सरळ रेघ होते, हे त्याला पोटासाठी शिकावंच लागलेलं. त्याने ४७ सेंटीमीटर लांबीची नळी गिळून दाखवली. नळी गेली, पण उजेड पोचला नाही. इतक्या लांब नळीतून देसोर्मोच्या दिव्याचा उजेड तळापर्यंत जाईपर्यंत संपून जायचा. कुसमाउलला धड काही दिसलं नाही.

त्या तलवारवाल्याचा मी फार विचार करते. इतिहास बघणाऱ्यांची नावं लिहितो. पण मान मागे टाकून गुपचूप पडून राहिलेली माणसं, आ करून बसलेली, कान पुढे केलेली, ती नसती तर एकही उपकरण बनलं नसतं.

माक्सिमिलियान निट्झे याने १८७९ मध्ये उपकरणकार योझेफ लायटर याच्याबरोबर उलटा विचार केला. उजेड बाहेरून आत ढकलायचा कशाला, दिवाच आत नेऊ! अंधाऱ्या खोलीत शिरताना आपण कंदील अंगणात ठेवतो का? मूत्राशयात जाणाऱ्या नळीच्या टोकाला त्यांनी विजेने तापून लाल होणारी प्लॅटिनमची तार बसवली. ती इतकी तापायची की भोवती सतत थंड पाणी फिरवावं लागे. काही वर्षांत एडिसनचा विजेचा दिवा इवलासा होऊन तिथे आला आणि पाण्याची कटकट गेली. पण नळी अजून ताठच होती.

वाकणारा उजेड

"प्रकाश सरळ रेषेत जातो." आपण सगळे हे शाळेत शिकलोय. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी पुढे सांगायचे, की डेहराडूनच्या शाळेत मास्तरांनी हेच वाक्य शिकवलं आणि तेव्हापासून ते खोटं पाडायची खुमखुमी लागली.

खरं तर वाक्य खोटं नाही. काचेच्या बारीक तंतूत एका टोकाने उजेड सोडला की तो आतल्या भिंतीवर आपटत आपटत, प्रत्येक वेळी सरळच जात, पुढे सरकतो. तंतू वाकला की रस्ताही वाकतो. म्युनिकमधला विद्यार्थी हाइनरिश लाम याने १९३० मध्येच अशा तंतूंच्या जुडग्यातून दिव्याच्या तारेचं अंधुक चित्र पाठवलं होतं. तो ज्यू होता. हिटलर आला, त्याला देश सोडावा लागला आणि काम तिथेच थांबलं. त्याच शहरात जरा वाकणारी जठरदर्शक नळी बनवणारे रुडॉल्फ शिंडलर यांना तर नाझींनी तुरुंगात टाकलं. सुटल्यावर १९३४ मध्ये ते शिकागोला गेले.

कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याकडे पीएचडी करायला गेले. हजारो तंतू एकत्र जुळवायचे, आणि या टोकाला जो तंतू जिथे आहे तो त्या टोकालाही तिथेच हवा, नाहीतर चित्राची भेळ होते. त्यांनी ते जमवलं. २ जानेवारी १९५४ च्या 'नेचर'मध्ये त्यांचा लेख आला. त्याच अंकात नेदरलँड्सच्या फान हेल यांनी दुसरी किल्ली दिली, की तंतूवर पातळ वेष्टण हवं, नाहीतर उजेड शेजारच्या तंतूत झिरपतो.

तो अंक वाचून दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेला पोटाचा डॉक्टर बेसिल हर्शोविट्झ कामाला लागला. मिशिगन विद्यापीठात त्याला प्राध्यापक पीटर्स आणि लॅरी कर्टिस भेटले. कर्टिस तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता, तुमच्याच वयाचा. डिसेंबर १९५६ मध्ये त्याने काचेची कांडी वेगळ्या काचेच्या नळीत घातली, दोन्ही एकत्र वितळवून तार ओढली आणि काचेचंच वेष्टण असलेला तंतू तयार झाला. काही आठवड्यांनी, १९५७ च्या फेब्रुवारीत, हर्शोविट्झने त्या तंतूंची नळी आधी स्वतः गिळली आणि मगच रुग्णाच्या घशात घातली. आधी स्वतः! मला हा माणूस इथे आवडला.

माझा पडदा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मैत्रिणीने ओढून मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. मॅडमनी कान वर-मागे ओढला आणि एक बारीक दुर्बीण आत सरकवली. समोर स्क्रीन होता. "हे बघ."

पडद्यावर निरोगी कानात उजेडाचा एक छोटा त्रिकोण चमकतो. उजव्या कानात तो होता. डाव्या कानात त्या जागी एक काळं, गोल भोक होतं.

"कधीपासून आहे हे?" मॅडमनी विचारलं.

"सातवीपासून... असेल."

"आणि कोणी सांगितलं नाही?"

मी रडले. भोक बघून नव्हे. आठ वर्षं जे "काही नाही" होतं, ते समोर दिसत होतं म्हणून. ऑपरेशन झालं, कानाच्या वरून घेतलेल्या पातळ आवरणाचं ठिगळ पडद्याला लावलं. वाहणं थांबलं. ऐकू येणं बरंचसं परत आलं, सगळं नाही.

आता त्या डॉक्टरांवरचा राग कमी का झाला ते सांगते. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, त्यांना खरंच दिसलं नव्हतं. नळीला बाक, हातात टॉर्च, समोर स्वतःचीच सावली. ते १८४१ च्या आधीच्या जगात उभे होते. राग गेला, पण प्रश्न राहिला. ब्रंटनचं उपकरण १८६५ चं आणि मी सातवीत गेले २००९ मध्ये. एक नळी, एक भिंग आणि एक दिवा आमच्या तालुक्यातल्या त्या टेबलापर्यंत पोचायला १४४ वर्षं अपुरी पडली. शोध लागणं वेगळं आणि शोध पोचणं वेगळं.

आज उलटी गंमत आहे. फोनला वायफायने जोडायचा कानाचा कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. मीही घेतला. बोझिनीने बघितला असता तर त्याचे डोळेच पाणावले असते. पण त्याच्या टोकाला एक कोरणं असतं आणि रील्समध्ये लोक ते खुशाल आत घालतात. त्याला माझा हात जोडून विरोध आहे. मळ बहुतेक वेळा आपोआप बाहेर सरकत असतो, कोरणं लागलं तर पडदा फाटू शकतो. आणि कान वाहत असेल तर तेल अजिबात नको, आजी कितीही प्रेमाने म्हणाली तरी. दिसणं आता स्वस्त झालंय. दिसलेलं कळणं अजून डॉक्टरांकडेच आहे. त्यामुळे कान वाहतोय, कमी ऐकू येतंय, तर दाखवा. आणि कोणी नुसता टॉर्च मारून "काही नाही" म्हणालं, तर विचारा, "ऑटोस्कोपने बघता का?" माझ्या बाबांना हा एक शब्द माहीत असता तर बरं झालं असतं.

जाता जाता, कपानी आणि कर्टिस ज्या काचेच्या तंतूमागे लागले होते, त्याच्याच भावंडांतून आज इंटरनेट धावतं. पोटातलं चित्र बाहेर आणण्यासाठी झालेली ती खटपट, आणि आत्ता माझा आवाज रस्त्याचा बराचसा भाग तसल्याच तंतूतून, उजेड होऊन, तुमच्या कानापर्यंत आलाय.

दोन्ही कानांपर्यंत. जपा त्यांना. भेटू पुढच्या भागात.